बीड रस्त्यावरचा ट्रक

२६ एप्रिल १९९३, सोमवार. तेव्हाच्या औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ विमान जमीन सोडता सोडता समोरच्या रस्त्यावरच्या मालट्रकला धडकलं. विमानात ११८ माणसं होती. ५५ गेली, ६३ वाचली.

विमान ट्रकला धडकलं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. एकाची वाट आकाशातली, दुसऱ्याची डांबरी. ही दोन्ही वाहनं एका क्षणी एका जागी येतात कशी? त्या दुपारपर्यंतचा घटनाक्रम ओळीने लावून पाहिला, तर त्यात अनाकलनीय असं काहीच उरत नाही. म्हणूनच तो पुन्हा मांडावासा वाटतो.

काही वर्षं आधी

चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेकडे तोंड करून उडायचं असेल तर वैमानिक तिला ‘शून्य नऊ’ म्हणतात, पश्चिमेकडे तोंड असेल तर ‘दोन सात’. होकायंत्रावरचे ९० आणि २७० अंश, शेवटचं शून्य गाळून. १९९३ मध्ये ही धावपट्टी आजच्यापेक्षा आखूड होती आणि तिच्या पूर्व टोकाच्या पुढून बीडचा रस्ता आडवा जात होता.

धावपट्टीच्या तोंडाशी रस्ता असणं हे एकट्या औरंगाबादचं दुखणं नव्हे. जिब्राल्टरमध्ये तर शहराचा मुख्य रस्ताच धावपट्टी ओलांडून जातो. २०२३ मध्ये बोगदा सुरू होईपर्यंत सगळ्या गाड्या तिथूनच जायच्या. पण विमान यायच्या आधी दोन्ही बाजूंना फाटक पडायचं आणि गाड्या थांबायच्या. अमेरिकेत विमानतळाभोवतीच्या अडथळ्यांचा हिशोब करताना सार्वजनिक रस्ता आहे त्यापेक्षा किमान १५ फूट उंच धरतात, रेल्वेमार्ग २३ फूट. रस्ता रिकामा असो वा नसो, तिथे कायम ट्रक उभा आहे असं समजूनच कागदावर रेघ मारायची. नकाशावर रस्ता म्हणजे जमिनीला टेकलेली रेघ. उडणाऱ्या विमानाच्या दृष्टीने मात्र तो कधी असणारा, कधी नसणारा अडथळा असतो, आणि असा अडथळा कायम उभ्या असलेल्या झाडांपेक्षा किंवा इमारतींपेक्षा जास्त धोक्याचा. झाड नकाशात नोंदवता येतं. ट्रक नोंदवता येत नाही, फक्त थांबवता येतो.

देशांतर्गत विमानतळांची आणि हवाई वाहतूक नियंत्रणाची जबाबदारी १९८६ पासून राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाकडे होती. रस्त्याची देखभाल दुसऱ्या खात्याकडे, रस्त्यावरच्या वाहनांचं नियंत्रण तिसऱ्याकडे. धावपट्टीचं टोक आणि रस्ता यांच्यामधल्या जागेचं उत्तर कोणी द्यायचं, हा प्रश्न विमान पहिल्यांदा धडकायच्या आधी विचारायला हवा होता. तो विचारला गेला चौकशीच्या दालनात.

एक दिवस आधी

देशाचं लक्ष त्या आठवड्यात विमानांकडेच होतं. २४ एप्रिलला दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवण्यात आलं. २५ तारखेला मध्यरात्र उलटल्यावर अमृतसरच्या धावपट्टीवर राष्ट्रीय सुरक्षा रक्षकांनी आत घुसून प्रवाशांची सुखरूप सुटका केली. महाराष्ट्र तर १२ मार्चच्या मुंबई बॉम्बस्फोटांतून अजून सावरत होता. विमानाचा धोका म्हणजे बंदूक, बॉम्ब, अपहरण, असंच तेव्हा प्रत्येकाच्या मनात होतं. सुरक्षेचा सगळा पहारा विमानात कोण चढतंय याच्यावर. धावपट्टीच्या पुढे कोण चाललंय, हा त्या दिवसांत कोणाच्या चिंतेचा विषय नव्हता.

२६ एप्रिल, सकाळ

उड्डाण आयसी ४९१. मार्ग दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई. पर्यटकांना सोयीचा रस्ता हा. जयपूरचे किल्ले, उदयपूरचे तलाव, मग अजिंठा-वेरूळ आणि शेवटी मुंबई. औरंगाबादला उतरणाऱ्यांत लेण्यांसाठी आलेले असायचे, चढणाऱ्यांत कामाधंद्याला मुंबई गाठणारे. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींनी शहराचं रूप बदलायला सुरुवात केली होती, आणि मुंबईचं विमान हा त्या नव्या औरंगाबादचा रोजचा धागा होता. व्हिडिओकॉन उद्योगाचे संस्थापक नंदलाल धूत याच विमानात होते. ते परतले नाहीत. त्यांच्या नावाचं रुग्णालय आज जालना रस्त्यावर, चिकलठाण्यातच उभं आहे.

विमान होतं बोइंग ७३७-२००, नोंदणी व्हीटी-ईसीक्यू. औरंगाबादपर्यंतचे तिन्ही टप्पे नीट पार पडले.

सुमारे दीड तास आधी

विमान उदयपूरहून निघालं. सरळ रेघ ओढली तर उदयपूर ते औरंगाबाद साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत नर्मदा, सातपुडा, तापी, खानदेश, आणि शेवटी अजिंठ्याची डोंगररांग ओलांडली की मराठवाड्याचं पठार सुरू होतं. एप्रिलच्या अखेरीला वरून पाहिलं तर हे पठार नांगरून उघडं पडलेलं, काळं-तपकिरी. कापसाचा हंगाम संपत आलेला असतो. पऱ्हाट्या उपटलेल्या, कापूस घराबाहेर पडलेला, आणि जिनिंग-प्रेसिंगच्या आवारातून रुईच्या गाठी ट्रकांवर चढत असतात.

अर्धा-पाऊण तास आधी

औरंगाबादला विमान उतरलं, काही प्रवासी उतरले, काही चढले. आता विमानात ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी. म्हणजे जवळजवळ भरलेलं. बाहेर वैशाखाच्या तोंडावरचं ऊन.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा उन्हाचा मुद्दा बातम्यांत एका वाक्यात संपतो आणि खरं गणित त्यातच आहे. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनांची ताकदही घटते. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर. पारा ४० अंशांवर असला की तिथली हवा पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी पातळ वागते. म्हणजे विमानापुरतं चिकलठाणा महाबळेश्वरपेक्षा उंच होतं. तेच विमान, तेवढंच वजन, पण पहाटे जितकं अंतर धावून उडेल त्यापेक्षा भर दुपारी कितीतरी जास्त धावतं.

म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी कागदावर हिशोब होतो: वजन किती, तापमान किती, वारा कुठला, धावपट्टी किती. त्यातून तीन वेग निघतात. पहिला निर्णयाचा. त्याच्या आत काही बिघडलं तर थांबायचं, त्यापुढे गेलं की उडायचंच. दुसरा नाक उचलण्याचा. तिसरा सुरक्षित चढाईचा. हे गणित इतकं सावध बांधलेलं असतं की ऐन धावेत एक इंजिन बंद पडलं तरी उड्डाणासाठी मोजलेलं अंतर संपेपर्यंत विमान ३५ फुटांवर पोचलेलं असावं. हा ३५ फुटांचा आकडा लक्षात ठेवा.

त्याच सुमारास, रस्त्यावर

बीड रस्त्यावर एक मालट्रक चालला होता. त्यात दाबलेल्या रुईच्या गाठी होत्या.

सुटा कापूस मऊ, पण प्रेसमधून निघालेली गाठ मऊ नसते. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली, सुमारे १७० किलोची, हात आपटला तर दुखेल अशी घट्ट. अशा गाठी रचल्या की ट्रकचा मागचा भाग भरीव ठोकळा होतो. आत पोकळी नाही, वाकणारं-दबणारं काही नाही.

त्या रस्त्याने रोज शेकडो गाड्या जात असणार. विमानं दिवसात मोजकी. ट्रकवाल्याच्या बाजूने पाहा: डावीउजवीकडे शेतं, समोर डांबर, ऊन, आणि कुंपणापलीकडे विमानतळ. थांबा असं सांगणारं कोणी नाही, तर तो थांबेल कशाला? ट्रकची चूक शोधणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

काही मिनिटं आधी

नियंत्रण टॉवरकडून परवानगी घेत घेत विमान पश्चिम टोकाला गेलं. इंजिन सुरू करायची परवानगी, टॅक्सीची परवानगी, धावपट्टीवर यायची परवानगी, उड्डाणाची परवानगी. या शेवटच्या परवानगीचा अर्थ एकच: तुझ्या वाटेत दुसरं कोणी नाही, हे आम्ही पाहिलंय.

जगातले बहुतेक विमानतळ असे नसतात. तिथे टॉवरच नसतो. शिकाऊ वैमानिक छोट्या विमानांतून धडे गिरवतात अशा अनेक ठिकाणी, किंवा अमेरिकेतल्या हजारो लहान धावपट्ट्यांवर, टक्कर टाळायची ती वैमानिकांनी आपापसांतच. पद्धत साधी आहे. सगळ्यांनी रेडिओची एकच वारंवारता लावायची आणि आपण कुठे आहोत ते बोलत राहायचं. धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना ‘डाउनविंड’, वळल्यावर ‘बेस’, धावपट्टीच्या रेषेत आल्यावर ‘फायनल’. कोणी उत्तर देवो न देवो, बोलायचं. समोरासमोर आले तर दोघांनी उजवीकडे वळायचं. उतरण्याच्या बेतात दोघं असतील तर खालच्याचा हक्क पहिला. आणि सर्वांत महत्त्वाचं, डोळे बाहेर ठेवायचे, कारण रेडिओ बिघडू शकतो, चुकीच्या वारंवारतेवर राहू शकतो, किंवा एखाद्या जुन्या विमानात नसूही शकतो.

तरीही टकरी होतात, आणि त्यांतला एक प्रकार कोणत्याही वैमानिकाच्या अंगावर काटा आणणारा आहे. एका विमानाचे पंख केबिनच्या वर, दुसऱ्याचे खाली. दोघंही उतरायला धावपट्टीच्या रेषेत. खाली पंख असलेलं वर आहे, वर पंख असलेलं खाली आहे. वरच्याला खालचं त्याच्याच पंखामुळे दिसत नाही, खालच्याला वरचं त्याच्याच छपरामुळे दिसत नाही. दोघंही नियमाप्रमाणे, दोघंही योग्य वाटेवर, आणि प्रत्येक सेकंदाला एकमेकांच्या जवळ. अशा वेळी वाचवतो तो फक्त आवाज: “मी फायनलवर आहे.” तो ऐकला की दुसरा बाजूला होतो.

चिकलठाण्याला टॉवर होता, म्हणून हा धोका तिथे नव्हता असं आपण धरून चालतो. पण टॉवरची नजर आणि टॉवरचा आवाज धावपट्टीपुरता होता. बीड रस्त्यापुरता चिकलठाणा हा टॉवर नसलेला विमानतळच होता. त्याहूनही उणा, कारण टॉवर नसलेल्या जागी निदान दोघांकडे एक वारंवारता असते. इथे विमान टॉवरशी बोलत होतं आणि ट्रक कोणाशीच नाही.

शेवटचं मिनिट

दुपारचा एक वाजून गेला होता. धावपट्टी शून्य नऊ, तोंड पूर्वेला. इंजिनांचा आवाज चढला, ब्रेक सुटले. भरलेलं विमान, तापलेली हवा. वेग हळूहळू वाढत गेला.

नाक उचलायच्या वेगाला विमान आलं की वैमानिकाने दांडा मागे ओढायचा, ठरलेल्या गतीने. घाईने ओढला तर शेपूट जमिनीला घासते. उशीर केला किंवा फार संथ ओढला तर विमान जमिनीवरच धावत राहतं. त्या वेळी वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे असतो, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ७० मीटर. तीन सेकंदांचा उशीर म्हणजे दोनशे मीटर धावपट्टी गेली. लांब धावपट्टीवर या तीन सेकंदांची कोणी दखलही घेत नाही.

त्या दुपारी नाक उशिरा उचललं गेलं आणि उचलण्याची पद्धतही चुकली, असं चौकशीत पुढे ठरलं. धावपट्टी जवळजवळ संपताना विमान जमिनीवरून सुटलं.

टक्कर

विमानाची डावी मुख्य चाकं, डाव्या इंजिनाच्या आवरणाचा खालचा भाग आणि उतरताना वेग कमी करणारी त्या इंजिनाची यंत्रणा ट्रकवर आदळली. रस्त्यापासून सुमारे सात फुटांवर.

सात फूट. गणिताने जिथे ३५ मागितले होते.

त्यानंतरचं मिनिट

विमान पडलं नाही. जखमी डाव्या बाजूने ते पुढे जात राहिलं, ईशान्येकडे. आत बसलेल्यांना धक्का जाणवला असणार. साधारण तीन किलोमीटरवर ते विजेच्या उच्चदाब तारांना अडकलं आणि शेतात कोसळलं. विमानाचे तुकडे झाले, आग लागली.

इतक्या वेगाने, इतकं इंधन भरलेलं विमान असं कोसळल्यावर आतली निम्म्याहून जास्त माणसं जिवंत राहिली, ही गोष्ट सांगायलाच हवी. शेतं सपाट होती, आणि विमान फार उंचावर गेलेलंच नव्हतं. ज्या कमी उंचीने घात केला, तिनेच काहींना वाचवलं असावं.

नंतर

चौकशी न्यायालयाने दोन कारणं शेजारी शेजारी ठेवली. एक: वैमानिकांनी नाक उशिरा उचललं आणि चुकीच्या तंत्राने उचललं. दोन: उड्डाणाच्या वेळांत बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरलं.

लोकांच्या लक्षात पहिलं राहिलं. वैमानिकाची चूक म्हटली की प्रकरण मिटतं, एक चेहरा मिळतो. मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्यात वैमानिकांची बाजू घेण्याचा हेतू नाही. माणूस दोन-तीन सेकंद चुकणार, हे विमानवाहतुकीचं प्रत्येक गणित आधीच मान्य करून चालतं. ३५ फुटांची अट कशासाठी असते? चुकीला जागा राहावी म्हणून. ती जागा त्या दिवशी ट्रकने व्यापलेली होती. रस्ता त्या अर्ध्या मिनिटापुरता मोकळा असता, तर बहुधा ते विमान मुंबईला पोचलं असतं आणि दोघा वैमानिकांना वरिष्ठांनी खडसावलं असतं. एक माणूस, एक फाटक आणि टॉवरशी जोडलेला एक टेलिफोन. खर्च म्हणायचा तर एवढाच.

राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण १ एप्रिल १९९५ ला भारतीय विमानतळ प्राधिकरणात विलीन झालं. विमानतळाजवळच्या इमारती आणि झाडांसारखे अडथळे हटवण्याचे नियम १९९४ मध्ये आले.

या अपघातानंतर साडेतीन वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९९६ ला, हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकिस्तानचं इल्युशिन एकमेकांवर आदळून ३४९ जण गेले. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं. त्यानंतर भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांत टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. ते दुसऱ्या विमानाच्या यंत्राला हाक घालतं, उत्तर आलं की अंतर मोजतं आणि वैमानिकाला ‘वर जा’, ‘खाली जा’ असं सांगतं. फार मोठी सुधारणा. पण उत्तर देणारं यंत्र समोर असेल तरच. बैलगाडी, ट्रॅक्टर, रुईचा ट्रक यांना ते ओळखत नाही, आणि धावपट्टीवर आडवं येणारं रानडुक्करही त्याच्या लेखी नसतं.

चिकलठाण्याची धावपट्टी आता बरीच लांब आहे, २,८०० मीटरच्या पुढे, आणि ती आणखी वाढवायची म्हणून आसपासच्या गावांतल्या जमिनीचा विषय निघत असतो. मोबदल्याचा प्रश्न रास्तच आहे, जमीन जाते त्याला विचारावाच लागतो. पण त्याच बैठकीत आणखी काही विचारलं पाहिजे: वाढलेल्या धावपट्टीचं नवं टोक कोणत्या रस्त्यासमोर येतं, उड्डाणाच्या वेळी तो रस्ता कोण थांबवणार, त्या माणसाचा पगार कोणत्या खात्यातून निघणार, आणि त्याचा फोन वाजला नाही तर टॉवर विमानाला सोडणार की रोखून धरणार. राज्यातल्या ज्या छोट्या धावपट्ट्यांवर टॉवर नाही, तिथे या प्रश्नांची उत्तरं जिल्हाधिकाऱ्यांनी आणि फ्लाइंग स्कूल चालवणाऱ्यांनी कागदावर, सहीनिशी द्यावीत, आणि तो कागद धावपट्टीच्या फाटकावर लावावा.